झेमचुग का बुडाली?

पहिल्या महायुद्धातली आपल्याकडे सर्वांत जास्त सांगितली गेलेली समुद्रकथा म्हणजे ‘एम्डेन’ची. एकटी जर्मन क्रूझर बंगालच्या उपसागरात शिरते, वीसहून अधिक व्यापारी जहाजे पकडते, २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवते, बंदिवानांना माणुसकीने वागवते आणि दोन महिने ब्रिटिश आरमाराच्या हाती लागत नाही. इंग्रजांची सत्ता डोक्यावर असलेल्या देशाला ही कथा आवडली, यात नवल कसले? कप्तान फॉन म्यूलर हे खरोखरच मोठे दर्यावर्दी होते आणि त्यांचे मोठेपण कमी करण्याचा माझा हेतू नाही.

पण या कथेत एक दुय्यम पात्र आहे, आणि त्याच्यावर अन्याय झाला आहे. हे पात्र म्हणजे मलायातल्या पेनांगच्या बंदरात नांगर टाकून उभी असलेली रशियन क्रूझर ‘झेमचुग’. तिच्या वाट्याला दोन-तीन वाक्येच येतात. कप्तान किनाऱ्यावर बाईच्या नादी लागलेला, जहाजावर वेश्या भरलेल्या, खलाशी झिंगलेले, पहाऱ्यावर कोणी नाही. मग एम्डेन आली आणि काही मिनिटांत झेमचुगचे दोन तुकडे झाले. पुढचे वाक्य ठरलेलेच असते : रशियन आरमार असेच होते, जपानने दहा वर्षांपूर्वी ते जगाला दाखवून दिले होते.

पूर्वपक्ष मांडायचा तर त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाच्या बातम्या पुण्या-मुंबईत फार उत्सुकतेने वाचल्या गेल्या. ‘केसरी’सह मराठी पत्रांनी जपानच्या विजयाचे स्वागत केले, कारण एका आशियाई राष्ट्राने युरोपीय महासत्तेला हरवले होते. त्या आनंदातून रशियन आरमाराचे एक चित्र मनात पक्के बसले : कुजलेले, दारूडे, भित्रे. पुढे १९१४ साली पेनांगला जे घडले, ते या चित्रात नेमके बसले. कप्तान खरोखर किनाऱ्यावर होता, जहाज खरोखर बेसावध होते आणि खरोखर काही मिनिटांत बुडाले. तीन खऱ्या गोष्टींच्या आधाराने चौथी खोटी गोष्टही सहज स्वीकारली गेली. या मताचे बळ तिथेच आहे, म्हणून उत्तरपक्षालाही आधी त्या तीन खऱ्या गोष्टी मान्य करूनच पुढे जावे लागते.

आता घटनाक्रम पाहू. झेमचुग ही सुमारे ३,१०० टनांची, २४ नॉट वेगाची संरक्षित क्रूझर. तिची भगिनीनौका ‘इझुमरूद’. या जोडीचा आराखडा ‘नोविक’ या आधीच्या वेगवान क्रूझरवरून घेतलेला. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले तेव्हा व्लादिवोस्तोकहून झेमचुग आणि मोठी, पाच धुराड्यांची ‘आस्कोल्ड’ या दोन नौका ब्रिटिश व्हाइस ॲडमिरल जेरम यांच्या हाताखाली देण्यात आल्या. काम होते व्यापारी जहाजांना आणि सैन्यवाहू ताफ्यांना संरक्षण देण्याचे, आणि एम्डेनचा शोध घेण्याचे.

हे काम मुंबईशी किती निगडित होते, ते ध्यानात घ्यायला हवे. त्या ऑगस्टपासून हिंदी फौजा मुंबई आणि कराचीहून फ्रान्सकडे निघत होत्या. ऑक्टोबरच्या मध्यावर मेसोपोटेमियाच्या मोहिमेची पहिली तुकडी मुंबईहून सुटली. याच मोहिमेत मराठा पलटणी पुढे कूतच्या वेढ्यापर्यंत गेल्या. एम्डेनने बंगालच्या उपसागरात बुडवलेले पहिले ब्रिटिश जहाज ‘इंडस’ हे १० सप्टेंबरला कलकत्त्याहून मुंबईकडेच येत होते. सैनिक आणि घोडे नेण्यासाठी ते सज्ज केलेले होते. त्याच्यावर सापडलेला साबणाचा भरपूर साठा जर्मन खलाशांना फार उपयोगी पडला, अशी नोंद आहे. सांगायचे असे की एम्डेनची दहशत ही आपल्या बंदरांतून सुटणाऱ्या माणसांवरची दहशत होती, आणि तिच्या मागावर ज्या मोजक्या क्रूझर होत्या त्यांत ब्रिटिश ‘यार्मथ’ आणि जपानी ‘चिकुमा’ यांच्याबरोबर झेमचुगही होती. तिने अंदमान-निकोबारच्या परिसरापर्यंत शोध घेतला आणि २६ ऑक्टोबरला ती बॉयलर साफ करण्यासाठी पेनांगला आली.

कप्तान होते बॅरन इव्हान चेर्कासोव्ह. पेनांगचा नांगरतळ सुरक्षित नाही, असा इशारा जेरम यांनी दिला होता. चेर्कासोव्ह यांनी तो गांभीर्याने घेतला नाही. बॉयलर उघडले, तोफांजवळ मोजकेच गोळे ठेवले, बाकीचे दारूकोठारात बंद केले. २८ ऑक्टोबरच्या पहाटे ते स्वतः शहरातल्या हॉटेलात होते. एम्डेनने लाकूड आणि कॅनव्हास यांचे चौथे खोटे धुराडे चढवून यार्मथचे सोंग घेतले होते. पाचच्या सुमाराला ती बंदरात शिरली, जर्मन निशाण चढवले आणि काहीशे मीटरांवरून पहिला पाणतीर सोडला. त्यापाठोपाठ तोफा सुरू झाल्या. झेमचुगच्या काही तोफांनी उत्तर दिले, पण एकही गोळा एम्डेनला लागला नाही. एम्डेन वळली, दुसरा पाणतीर सुटला, मोठा स्फोट झाला आणि रशियन नौकेचे दोन तुकडे झाले. ऐंशीहून अधिक माणसे गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. पेनांगच्या वेस्टर्न रोड कबरस्तानात त्यांचे स्मारक आहे.

चेर्कासोव्ह दोषी होते. याबद्दल वाद घालायचाच नाही.

वाद आहे तो वेश्यांच्या कथेबद्दल. काही इंग्रजी पुस्तकांत त्यांचा आकडाही येतो, आणि तो इतका गोल असतो की तिथेच संशय यावा. चेर्कासोव्ह हॉटेलात होते ते त्यांच्या पत्नीबरोबर. ती त्यांना भेटायला पेनांगला आली होती. युद्धकाळात, शत्रू जवळपास असताना, कप्तानाने रात्र किनाऱ्यावर काढणे हा गुन्हाच. पण पत्नीला भेटणारा नवरा आणि जहाजाचा कुंटणखाना करणारा कप्तान हे एकच नव्हेत. १९१५ च्या ऑगस्टमध्ये व्लादिवोस्तोकच्या नौदल न्यायालयाने चेर्कासोव्ह यांना साडेतीन वर्षांची आणि त्यांचे दुय्यम अधिकारी कुलीबिन यांना दीड वर्षाची शिक्षा दिली. हुद्दे काढले, पदके काढली. दोष होता कर्तव्यातल्या निष्काळजीपणाचा. ज्या न्यायालयाने स्वतःच्या सरदारवर्गातल्या एका बॅरनला खलाशाच्या पायरीवर आणून उभे केले, त्याने जहाजावरचा एवढा उघड अनाचार हातचा राखून ठेवला असेल, असे मानायला आधार काय? नंतर झारने दोघांना तुरुंगाऐवजी साधे सैनिक म्हणून आघाडीवर धाडले आणि तिथे दोघांनीही सेंट जॉर्जचा क्रॉस मिळवला. ही गोष्ट त्यांचा पेनांगचा अपराध धुऊन काढत नाही. मात्र ‘झिंगलेला भित्रा रशियन’ या साच्यात ती बसत नाही, म्हणून ती सांगितली जात नाही.

अशाच कथेच्या ओघात चंपकरमण पिल्ले हे एम्डेनवर होते आणि मद्रासचा मारा त्यांनी घडवून आणला, असेही अनेकदा लिहिले जाते. पिल्ले त्या काळात युरोपात, आधी झुरिचला आणि नंतर बर्लिनला, क्रांतिकार्यात गुंतलेले होते. आवडीच्या कथेला आणखी आवडीची जोडणी लागते, ती अशी.

यापुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कप्तानाची गैरहजेरी हे झेमचुगच्या नाशाचे कारण होते का? आपल्या न्यायशास्त्राने कारण ठरवण्यासाठी अन्वय-व्यतिरेकाची कसोटी दिली आहे : ते असताना कार्य होते आणि ते नसताना कार्य होत नाही, असे दोन्ही दाखवता आले पाहिजे. व्यतिरेक मोडणारे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पेनांगच्या पाच आठवडे आधी, २० सप्टेंबर १९१४ रोजी, झांझिबारच्या बंदरात ब्रिटिश संरक्षित क्रूझर ‘पेगासस’ नांगर टाकून उभी होती. तिचीही यंत्रे आणि बॉयलर दुरुस्तीसाठी उघडलेले होते. पहाटे जर्मन क्रूझर ‘क्योनिग्सबेर्ग’ आली आणि दूरवरून तोफा डागून तिने पेगाससची चाळण केली. तीसहून अधिक माणसे मेली आणि नौका बुडाली. पेगाससचे कप्तान जॉन इंगल्स यांच्या शिस्तीबद्दल कोणी प्रश्न उपस्थित केलेला नाही. हॉटेल नाही, बाई नाही, दारू नाही, ब्रिटिश आरमाराची शंभर वर्षांची शिस्त पाठीशी, आणि शेवट तोच.

अर्थात दोन्ही प्रसंग तंतोतंत सारखे नाहीत. क्योनिग्सबेर्गच्या तोफांचा पल्ला पेगाससच्या तोफांपेक्षा मोठा होता. पेनांगला एम्डेन अगदी जवळ आली, तेव्हा जागरूक झेमचुगने तिला जबर जखम केली असती, हे मी मान्य करतो. चेर्कासोव्ह जहाजावर असते आणि तोफांपाशी गोळे असते, तर एम्डेनला त्या पहाटेची मोठी किंमत मोजावी लागली असती. पण झेमचुग वाचली असती का? पहिला पाणतीर इतक्या जवळून, स्थिर उभ्या लक्ष्यावर सुटला होता. तो चुकवण्यासाठी जहाज हलावे लागते, आणि हलण्यासाठी वाफ लागते.

इथे संरक्षित क्रूझर ही वस्तू नेमकी काय होती, ते समजून घेतले पाहिजे, कारण पूर्वपक्षाची मोठी गफलत इथेच आहे. चिलखती क्रूझरच्या बाजूंना, पाण्याच्या रेषेवर, पोलादाचा पट्टा असतो. संरक्षित क्रूझरला तो नसतो. तिच्या पोटात, पाण्याच्या रेषेच्या आसपास, कासवाच्या पाठीसारखा कडेला उतरता पोलादी डेक असतो. झेमचुगमध्ये तो मधल्या भागात सुमारे ३० मिलिमीटर आणि उताराला सुमारे ५० मिलिमीटर जाडीचा होता. वरून तिरका येणारा गोळा यंत्रे आणि दारूकोठारांपर्यंत पोचू नये, एवढेच त्याचे काम. त्यावरच्या भागाला चिलखत नाही, आणि डेकच्या खालून, पाण्याखालून येणाऱ्या पाणतीरापुढे तो डेक काहीच करू शकत नाही. मग या जहाजाचे रक्षण कशाने होते? वेगाने. शत्रू दिसला की अंतर राखायचे, बलवान असेल तर निसटायचे, दुबळा असेल तर गाठायचे. संरक्षित क्रूझर नांगरावर, थंड बॉयलरनिशी उभी करणे म्हणजे तिच्या रक्षणाचे एकमेव साधन काढून घेणे. पेगासस आणि झेमचुग यांना जोडणारे कारण हेच : बॉयलर साफ करायची वेळ, खुल्या समुद्राकडे तोंड असलेले बंदर आणि आसपास फिरणारी शत्रूची क्रूझर.

बंदराची जबाबदारीही विसरता येत नाही. पेनांग हे ब्रिटिश बंदर. एम्डेन खोटे धुराडे लावून शिरली ती बाहेरच्या पहाऱ्याला चकवूनच. बंदरात फ्रेंच नौकाही होत्या. त्यांच्याकडूनही परिणामकारक प्रतिकार झाला नाही. बाहेर गस्तीवर असलेली ‘मुस्के’ ही लहान फ्रेंच विनाशिका एम्डेन बाहेर पडताना तिच्यासमोर आली आणि बुडाली. तिच्या वाचलेल्या खलाशांना म्यूलर यांनी पाण्यातून काढले. दोन मित्रराष्ट्रांच्या नौका आणि एका मित्रराष्ट्राचे बंदर अशा तिघांच्या पहाऱ्यातून हा प्रसंग घडला. पण व्लादिवोस्तोकच्या न्यायालयापुढे उभे राहिले दोन रशियन अधिकारी, आणि पुस्तकांत उरला एक बॅरन.

चौकशीची कक्षा कुठे आखली जाते, त्यावर दोष कुठे पडणार हे बरेचसे ठरते. महाराष्ट्राला हे वेगळ्या प्रसंगातून माहीत आहे. नर्मदाकाठची मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाऊ लागली, तेव्हा पुनर्वसनातल्या त्रुटी म्हणजे खालच्या पातळीवरचा ढिसाळपणा, असे सांगणे सोपे होते. जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स आयोगाने १९९२ मध्ये कक्षा वाढवली आणि दोष प्रकल्पाच्या आखणीतच आहे, असा निष्कर्ष काढला. पेनांगच्या बाबतीत अशी वाढलेली कक्षा लोकप्रिय कथेत कधी आलीच नाही.

आता मंडन. रशियन संरक्षित क्रूझर निरुपयोगी होत्या, हे मत १९०४-०५ च्या नोंदींसमोर टिकत नाही. मात्र बचाव करताना रशियन दंतकथांचा आधार घेऊन चालणार नाही. ९ फेब्रुवारी १९०४ रोजी कोरियातल्या चेमुल्पोच्या बंदराबाहेर कप्तान रूदनेव्ह यांच्या ‘वर्याग’ने जपानी ॲडमिरल उरिऊ यांच्या सहा क्रूझरना तोंड दिले. त्यांत चिलखती ‘आसामा’ही होती. वर्यागच्या तीसच्या वर माणसांनी प्राण दिले, नौका परत फिरली आणि खलाशांनीच ती बुडवली. हे खरे. पण या लढाईत जपानचे मोठे नुकसान झाले, असे जे रशियन बाजूने सांगितले गेले, त्याला जपानी नोंदी पुष्टी देत नाहीत. ते सोडून द्यावे. धैर्य त्यावाचूनही शिल्लक राहते, आणि ते जपाननेच ओळखले : १९०७ मध्ये रूदनेव्ह यांना उगवत्या सूर्याचा जपानी किताब देण्यात आला.

जास्त बोलके पुरावे कमी प्रसिद्ध आहेत. १० ऑगस्ट १९०४ ला पीत समुद्रात रशियन युद्धनौकांचा ताफा विस्कळीत झाला, तेव्हा आस्कोल्डने जपानी रांग फोडून वाट काढली आणि शांघाय गाठले. नोविकही निसटली. जपानला वळसा घालून ती साखालिनच्या कोर्साकोव्हपर्यंत पोचली आणि २० ऑगस्टला ‘त्सुशिमा’ या जपानी क्रूझरशी लढून, यंत्रे निकामी झाल्यावर, तिच्या माणसांनी तिला बुडवले. त्सुशिमाच्या सामुद्रधुनीतल्या लढाईत, २८ मे १९०५ ला, रशियन ॲडमिरल नेबोगातोव्ह यांनी उरलेला ताफा शरण दिला, तेव्हा इझुमरूदने, झेमचुगच्या भगिनीने, शरण जायचे नाकारले आणि वेगाच्या बळावर जपानी वेढ्यातून ती सुटली. पुढे व्लादिमीरच्या उपसागरात ती खडकावर चढली आणि कप्तान फेर्सेन यांनी ती उडवून दिली. प्रत्येक ठिकाणी धागा एकच : वेग आणि मोकळे पाणी मिळाले की या नौका आपले काम करीत. बंदरात कोंडल्या गेल्या, किंवा वरिष्ठांनी त्यांना संथ वाहतूक-जहाजांच्या राखणीला जुंपले, की त्या मार खात.

त्सुशिमाच्या लढाईतून ॲडमिरल एन्क्विस्त ‘ओलेग’, ‘अव्रोरा’ आणि झेमचुग घेऊन मनिलाला गेले, हा आक्षेप इथे येणार. हे पलायनच होते, असे कोणी म्हणाले तर मी अडवणार नाही. पण त्याआधीची सारी दुपार या क्रूझर जपानी ॲडमिरल देवा आणि उरिऊ यांच्या क्रूझरांशी झुंजत वाहतूक-जहाजांना पाठीशी घालत होत्या. अव्रोराचे कप्तान येगोर्येव्ह त्या दिवशी लढाईत मारले गेले. उत्तरेची वाट शत्रूच्या विनाशिकांनी अडवलेली असताना दक्षिणेला वळण्याचा निर्णय ॲडमिरलचा होता, खलाशांचा नव्हता. हीच अव्रोरा पुढे १९१७ च्या ऑक्टोबरात पेत्रोग्राडला क्रांतीची नौका झाली. आपल्याकडच्या डाव्या चळवळीत तिचे नाव मोठ्या आदराने घेतले गेले. मात्र ती त्याच ‘कुजलेल्या’ आरमारातली, त्याच जातीची क्रूझर होती, ही गोष्ट सहसा जोडून सांगितली जात नाही.

महायुद्धातली कामगिरी तर जास्तच वजनदार आहे. २६ ऑगस्ट १९१४ ला बाल्टिकमध्ये ओडेन्सहोल्म बेटाजवळ जर्मन क्रूझर ‘माग्डेबुर्ग’ वाळूत रुतली. तिच्यावर चालून गेलेल्या रशियन क्रूझरमध्ये संरक्षित ‘बोगातिर’ होती. जर्मन नौदलाची संकेतपुस्तके रशियनांच्या हाती पडली आणि त्यांतली एक प्रत लंडनला पोचली. ब्रिटिश नौदलाच्या सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या विभागाला तिच्यामुळे जर्मन नौदलाचा पत्रव्यवहार वाचता येऊ लागला. उत्तर समुद्रातल्या पुढच्या चार वर्षांवर या एका सापडण्याचा परिणाम झाला. झेमचुगसोबत पाठवलेल्या आस्कोल्डची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. ती भूमध्य समुद्रात गेली, सिरियाच्या किनाऱ्यावर लढली आणि २५ एप्रिल १९१५ ला दार्दानेल्सच्या आशियाई किनाऱ्यावर, कूम काले इथे, फ्रेंच सैन्य उतरताना तिच्या तोफा आणि होड्या कामाला होत्या. ब्रिटिश सैनिकांनी तिच्या पाच सडपातळ धुराड्यांवरून तिला सिगारेटच्या पाकिटाचे टोपणनाव दिले होते. त्यात आपुलकी होती.

याच आस्कोल्डवर १९१६ मध्ये तूलाँच्या बंदरात दारूकोठाराजवळ स्फोट झाला आणि त्यानंतर तिच्या चार खलाशांना गोळ्या घालण्यात आल्या. रशियन आरमारातला वर अधिकारी आणि खाली खलाशी हा दुभंग खोल होता, तो लपवण्याचे कारण नाही. पण हा दुभंग आणि ‘रशियन खलाशी लढत नाही’ हे विधान यांत फार अंतर आहे. व्यवस्था सडलेली असेल तर तिचा दोष व्यवस्थेवर टाकावा. पेनांगच्या त्या पहाटे बुडालेल्या नौकेतून जे तोफांपर्यंत धावले आणि डागू शकले, त्यांच्यावर नव्हे.

जपानच्या विजयावर प्रेम असणाऱ्यांनीही हा उत्तरपक्ष मान्य करायला हरकत नाही. जपानी आरमाराचे सेनापती ॲडमिरल टोगोंनी हरवलेले आरमार दारूड्यांचे होते, असे म्हटले की टोगोंचे यश आपोआप स्वस्त होते. नोविकला त्यांना जपानभर शोधावे लागले, आस्कोल्डला रोखता आले नाही, इझुमरूद डोळ्यांदेखत निसटली. १९०५ मध्ये पुण्यात ज्या विजयाचे कौतुक झाले, तो असा प्रतिकार मोडून मिळवलेला होता. एम्डेनबद्दलही हेच लागू पडते. म्यूलर यांनी पेनांगला दाखवलेले धाडस मोठे होते ते चार धुराड्यांचे सोंग, बंदराच्या पहाऱ्यातून केलेला शिरकाव आणि बाहेर पडताना गस्तीच्या नौकेशी दिलेली झुंज यांमुळे. साठ वेश्यांची कथा खरी मानली तर त्यांनी गाठले एक झोपलेले कुंटणखाना-जहाज, आणि त्याला शौर्य कशाला लागते?